आपापल्या बायकोचा गाऊन

ऑगस्टच्या सणात कबोनसारी मैदानावर पुरुषांची फुटबॉलची मॅच बायकांचे गाऊन घालून होते. मागेलांग शहरात याचं कुणाला काही विशेष वाटत नाही. देश स्वतंत्र झाला त्याबरोबर हसायलाही मोकळीक मिळाली, असं तिथले लोक धरून चालतात. विशेष आहे तो कबोनसारीचा नियम. गाऊन आपल्याच बायकोचा हवा. दुकानातून आणलेला कोरा चालत नाही, बहिणीचा चालत नाही, सासूचा तर नाहीच नाही. मॅचच्या आधी खेळाडू रांगेत उभे राहतात, बायका समोर येतात आणि एकेकीनं आपला गाऊन ओळखून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणायचं असतं, "हा गाऊन माझा." तिनं म्हटलं की नवरा आत. नाही म्हटलं की नवरा बाहेर, आणि मग घरी काय ते बघून घ्यायचं.

नियम उगाच आलेला नाही. बारा वर्षांपूर्वी जुमादी नावाचा मोटारसायकली दुरुस्त करणारा ढेरपोट्या गडी गुलाबी जास्वंदींच्या गाऊनमध्ये उतरला. दोन गोल त्यानं मारले आणि तिसरा मारायच्या बेतात असताना त्याच्या बायकोनं, बू वार्तीनं (तिकडे बाईला मानानं बू म्हणतात आणि पुरुषाला पाक), काठावरून विचारलं, "अहो, हा कुणाचा?" जुमादी आजही शपथेवर सांगतो, की तो गॅरेजमध्ये हात पुसायला आणलेल्या चिंध्यांच्या गाठोड्यात सापडला होता. बू वार्तीला ते आजही पटलेलं नाही. त्या वर्षीची मॅच अर्धीच राहिली.

त्या नियमामुळे साग्योची पंचाईत झाली होती. साग्यो मैदानाचा राखणदार. गवत कापायचं, चुन्याच्या रेषा मारायच्या, जत्रेनंतर चार पोती कचरा उचलायचा, आणि मुख्य म्हणजे मैदान भाड्यानं द्यायचं, ही कामं तो बावीस वर्षं करत होता. डचांनी बँड वाजवायला बांधलेल्या गोल चबुतऱ्याच्या पोटात त्याची कचेरी. शाळांच्या शर्यती, लग्नांचे मांडव, पाळणेवाले, मोटारसायकलींच्या कंपनीचा मेळा, रविवारचा बायकांचा व्यायाम, सगळ्यांना त्याच्या दारातूनच जावं लागे. पण बायको जाऊन तेरा वर्षं झालेली. बायको नाही म्हणजे गाऊन नाही, आणि गाऊन नाही म्हणजे संघात जागा नाही. दरवर्षी सगळं शहर हसून गडबडा लोळत असताना हा आपला झेंडी घेऊन रेषेवर उभा.

"पाक ग्यो, गाऊनचं बघा काहीतरी," लोक त्याचं नाव निम्मं करून म्हणत.

"बघतो," साग्यो म्हणे. आणि बघायचाच तो. रोज सकाळी, वडाखाली.

वडाखाली बू मार्सियेम पेचल विकायला बसायची. उकडलेली पालेभाजी, वर शेंगदाण्याची तिखटगोड चटणी, बाजूला भात. चटणी ती गिऱ्हाइकासमोर दगडावर वाटायची आणि वाटता वाटता गिऱ्हाइकालाही थोडं वाटून काढायची. एकावन्न वर्षांची विधवा, अंगानं किरकोळ, जिभेनं नाही. अकरा वर्षं साग्यो तिच्याकडेच न्याहारी करत होता. त्याच्या मनात काय आहे ते बू वार्तीला माहीत होतं, जुमादीला माहीत होतं, व्यायामाला येणाऱ्या साठ बायकांना माहीत होतं. साग्योनं ते फक्त मार्सियेमला सांगितलेलं नव्हतं.

जुलैच्या शेवटी एका सकाळी चटणी वाटता वाटता ती म्हणाली, "मुलगी बाळंत झाली माझी. बाटामला चाललेय मी. सणानंतरच्या मंगळवारी."

बाटाम म्हणजे समुद्रापलीकडचं बेट. तिथे कारखाने. मुलगी कारखान्यात, जावई कारखान्यात, मग पोराला बघायला आजी. अशी गेलेली आजी परत येत नाही, हे सगळ्या मागेलांगला ठाऊक होतं. भजीवाली बू सुकार्ती अशीच पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली, त्याला चार वर्षं झाली. आता तिचे फक्त फोटो येतात.

साग्यो म्हणाला, "बरं." मग काही सुचेना म्हणून आणखी एक प्लेट मागितली. मग आणखी एक.

तिसरी प्लेट संपवून तो कचेरीत गेला तर फोन वाजत होता. पाक विर्यो बोलत होते. हे निवृत्त मुख्याध्यापक आणि शहरातल्या गाणारे पक्षी पाळणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेला मैदान हवं होतं त्यांना. "रविवार पाहिंग," ते म्हणाले.

आता इथेच घोळ झाला. मागेलांगमध्ये सात दिवसांच्या आठवड्याबरोबर जुना पाच दिवसांचा आठवडाही चालतो आणि दोन्हींची जोडी जमवून दिवस सांगतात. लग्नवाले, पक्षीवाले, म्हातारेकोतारे, सगळे असेच. रविवार पाहिंग, शनिवार वागे. शाळा, सरकार आणि फुटबॉलवाले मात्र तारीख सांगतात. म्हणून साग्योच्या वह्या दोन. एका वहीत लिहिलं की भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं, त्यात दोन्ही छापलेलं असतं, आणि दुसऱ्या वहीत खूण करायची. बावीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं जुन्या दिवसांच्या वहीत लिहिलं, 'रविवार पाहिंग, सकाळी, पक्षी', आणि मान वर करून कॅलेंडर बघितलं, पण त्याला त्यात सणानंतरचा मंगळवार तेवढाच दिसला.

त्या मंगळवारच्या आधीचा रविवार होता पाहिंगचा. तारखेच्या वहीत त्याच सकाळी गाऊनची मॅच होती.

हे उघडकीला आलं शनिवारी दुपारी. मैदानाच्या एका टोकानं जुमादी बांबूचे गोल घेऊन आला आणि दुसऱ्या टोकानं पाक विर्यो पिंजरे टांगायचे खांब घेऊन. दोघंही मधोमध भेटले.

"हे काय?" पाक विर्यो म्हणाले.

"गोल," जुमादी म्हणाला. "आणि हे काय?"

"उद्या साठ शामा पक्षी येतायत. मुंतिलानहून येतायत, तमांगुंगहून येतायत. शामा म्हणजे काय कोंबडी नव्हे. शेजारी शिंकलं तरी गाणं थांबवतो तो."

"मग शिंकू नका. आम्ही काय शिंकायला येतोय? आम्ही फुटबॉल खेळायला येतोय."

"तुम्ही खेळता? तुम्ही रेड्यासारखे ओरडता!"

"पाक, गोल झाल्यावर ओरडायचं नाही, तर मग गोल मारायचा कशाला?"

दोघंही साग्योकडे वळले. साग्योनं आपल्या दोन्ही वह्या छातीशी धरल्या होत्या. खोटं बोलणं त्याला जमत नसे. "माझी चूक," तो म्हणाला. "दोघांनाही दिलंय मैदान."

"कसं काय? पाक ग्यो, तुम्ही तर कधी चुकत नाही!"

साग्योनं वडाकडे बघितलं आणि पटकन नजर फिरवली. जुमादीला उत्तर मिळालं. त्यानं घसा खाकरला आणि गोल खाली ठेवला.

मिटवामिटवी वडाखालीच झाली, कारण सगळ्यांना भूक लागली होती. मॅच पुढे ढकलणं शक्य नव्हतं. ती आधीच दोनदा पुढे गेली होती, एकदा मोटारसायकलींच्या मेळ्यामुळे आणि एकदा कुणा साहेबांच्या भाषणामुळे. पक्ष्यांचा दिवस बदलणंही शक्य नव्हतं, कारण पाक विर्योंचा स्वतःचा हालिलिंतार नावाचा शामा, नावाचा अर्थच वीज, पाहिंगच्या दिवशी अंड्यातून बाहेर आला होता आणि पाहिंगलाच जिंकतो अशी त्यांची पक्की समजूत होती. तासभर नुसती चर्चा चालली. चार प्लेट पेचल संपलं आणि कुणीही तसूभर हललं नाही.

"मुकाट्यानं खेळा की," मार्सियेम म्हणाली. दगडावरून मान वर न करता.

सगळे हसले. मग हसायचे थांबले. मग पाक विर्योंनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अर्धं मैदान आमचं. मधे दोर. शिट्टी नाही, टाळ्या नाहीत, लाउडस्पीकर नाही."

"आणि हसायचं?" जुमादीनं विचारलं.

"मुळीच नाही."

"गाऊन घालून?"

"जो आवाज करेल तो खेळाडू बाद. आमच्याकडेही तोच नियम आहे. ज्या पक्ष्याचा मालक ओरडेल तो पक्षी बाद."

ठरलं. जुमादी उठताना म्हणाला, "आणखी एक अडचण आहे. आमच्या गोलकीपरचा पायाचा अंगठा सुजलाय, संधिवाताचं पथ्य मोडून काल बकऱ्याची नळी चोखली बसून. दक्षिण गल्लीकडे सात, आमच्या उत्तर गल्लीकडे सहाच माणसं." मग तो अगदी सहज, आभाळाकडे बघत म्हणाला, "पाक ग्यो, तुम्ही उभे राहता का गोलात?"

"माझ्याकडे गाऊन कुठाय?"

पाक विर्यो वडाची पारंबी तपासू लागले. मार्सियेमचा हात दगडावर चालूच होता, मात्र दगडावर आता वाटायला काहीच उरलं नव्हतं.

संध्याकाळी ती आवरत असताना साग्यो तिच्याकडे गेला. तीन आठवडे त्यानं गवत कापता कापता तयारी केली होती. सुरुवात कशी करायची, मग काय म्हणायचं, ती काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणायचं. त्यातलं एक अक्षर त्याला आठवेना.

"बू येम," तो म्हणाला, "तुमच्याकडे एखादा जुना गाऊन असेल का?"

"कशाला? पुसायला?"

"नाही. म्हणजे, घालायला."

"जुना नाही. नवा आहे, हिरवा. ईदला घेतलेला." तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "नियम ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"मग काय म्हणून मागताय?"

हा प्रश्न सरळ होता. इतका सरळ प्रश्न साग्योला अकरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याच्या तोंडून बाहेर पडलं ते असं: "संघ अडलाय."

"मग संघालाच घालायला सांगा," ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

साग्योला त्या रात्री झोप आली नसावी. मी त्याच्या जागी असतो तर स्वतःलाच चार शिव्या घातल्या असत्या, आणि त्यानं त्या घातल्याही.

सकाळी सहा वाजता बू वार्तीनं त्याच्या कचेरीचं दार ठोठावलं आणि वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं हातात दिलं. "बू येमनी दिलंय. म्हणाल्या, संघ अडू नये."

"आणखी काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या की ओळखायला वगैरे मी येणार नाही, मला गिऱ्हाइकं आहेत." बू वार्तीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "पाक ग्यो, तुम्हाला काही बोलायचं असेल तर बाटामला टेलिफोन लागतो म्हणतात. पण महाग पडतं."

गाऊन हिरवागार होता, त्यावर हाताएवढाली केळफुलं. मार्सियेम त्याच्या खांद्याला लागायची, त्यामुळे तिचा पायघोळ गाऊन साग्योच्या गुडघ्यांवरच संपला. बाह्या दंडाला आवळल्या. कापडाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि त्या वासाखाली थोडासा चटणीचा.

मैदानावर लोटलेली गर्दी बघून कुणालाही वाटलं असतं की इथे मयत झालंय. हजारभर माणसं, आणि हूं की चूं नाही. दोरापलीकडे साठ पिंजरे टांगलेले आणि साठ शामा गळा काढून गात होते. दोराच्या अलीकडे तेरा मिशाळ, पोटाळ, केसाळ पुरुष फुलाफुलांच्या गाऊनमध्ये उभे होते आणि चौदावा साग्यो. एकानं ओठांना लाली लावली होती. दक्षिण गल्लीच्या शाळामास्तरनं बायकोचा गाऊन उलटा घातला होता. लोकांचे चेहरे लालबुंद झाले होते. बायकांनी डोक्यावरच्या ओढण्यांचे बोळे तोंडात कोंबले होते. एका आजोबांनी हसू दाबण्यासाठी आपली कवळीच काढून खिशात ठेवली.

पंच होत्या महिला मंडळाच्या बू एस्ती. शिट्टीऐवजी त्यांच्या हातात पांढरा रुमाल होता. नियमात 'मोठ्यानं' असं लिहिलं असल्यामुळे त्या जरा अडचणीत आल्या होत्या. शेवटी त्यांनी कुजबुजत निवाडा दिला, की पक्षी आहेत तेव्हा आज खांद्यावर हात ठेवला तरी चालेल. बायका एकेक करून पुढे आल्या. खांद्यांवर हात पडत गेले. बू वार्तीनं जुमादीचा गाऊन आधी आतून बाहेरून तपासला, मगच हात ठेवला.

तेरा हात झाले. साग्योच्या खांद्यावर वारा तेवढा लागत होता.

सगळं मैदान वडाकडे बघू लागलं. वड दोरापलीकडे, पक्ष्यांच्या बाजूला होता. मार्सियेम एका परीक्षकाला पेचल वाढत होती. तिनं मान वर केली नाही. बू एस्तींनी थोडी वाट बघितली, मग साग्योची नजर चुकवून रुमाल बाहेरच्या दिशेनं हलवला. बाद.

मग काय करणार? कुणीतरी त्याच्या हातात नेहमीची झेंडी दिली. गाऊन अंगात, संघात नाही, असा तो रेषेवर जाऊन उभा राहिला. आजवर तिथे उभं राहताना त्याला वाईट वाटायचं, आज लाजही वाटली.

मॅच सुरू झाली आणि खरी परीक्षा झाली ती बघणाऱ्यांची. चौथ्या मिनिटाला शाळामास्तर गाऊनच्या घेरात पाय अडकून पडला आणि चेंडू त्याच्या गाऊनमध्ये शिरला. त्यानं उठून चेंडू शोधला, कुठेच नाही. तो गोल फिरला, तेव्हा त्याच्याभोवती दोन्ही संघ फिरले. लोकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दोघं जण धावत मैदानाबाहेर, रस्ता ओलांडून पेट्रोल पंपापर्यंत गेले आणि तिथे हसून परत आले. मग बऱ्याच जणांनी तेच सुरू केलं. रस्त्यापलीकडे हसणाऱ्यांची रांग लागली. दक्षिण गल्लीनं गोल मारला, गोलात कुणी नव्हतंच, आणि सात जणांनी तोंडं आ वासून, हात उंचावून आवाज न काढता जल्लोष केला. ते बघून जुमादीच्या नाकातून फुर्र असा आवाज निघाला. रुमाल हलला. जुमादी बाद. उत्तर गल्लीकडे पाच उरले.

साग्योला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच की वडाखाली मार्सियेमनं छत्री मिटली. मग पातेलं टोपलीत ठेवलं. आजचा तिचा शेवटचा दिवस. परवा मंगळवार. ती टोपलीला कापड बांधू लागली आणि साग्योच्या हातातून झेंडी गळून पडली.

तो दोराखालून वाकून पलीकडे गेला.

तिथे त्या वेळी शेवटची फेरी चालू होती. तीन परीक्षक हालिलिंतारच्या पिंजऱ्याखाली उभे होते आणि त्यांच्यातल्या एकानं विजयाची छोटी झेंडी खोवायला हात वर केला होता. पाक विर्योंनी डोळे मिटून ओठ हलवायला सुरुवात केली होती. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोरून एक हिरवा गाऊन केसाळ पायांवर टाचा उचलून चालला होता. पाक विर्योंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

साग्यो वडाशी पोहोचला. "बू येम," त्यानं कुजबुजत हाक मारली.

मार्सियेमनं गाठ मारता मारता वर बघितलं. तिची नजर त्याच्या गुडघ्यांवर गेली, तिथे ती क्षणभर थांबली, आणि तिच्या ओठांचा कोपरा थरथरला. पण तिनं तो आवरला.

"काय?"

"थांबा," साग्यो कुजबुजला. "जाऊ नका."

"मोठ्यानं बोला."

"पक्षी आहेत."

"पक्ष्यांना काय सांगायचंय का? मला सांगायचंय ना? मग मला ऐकू येईल असं सांगा."

"बू येम, सगळे बघतायत."

"अकरा वर्षं बघतायत. बिचारे कंटाळले असतील आता." तिनं टोपली काखेत घेतली. "नियम काय आहे? हजार माणसांदेखत मोठ्यानं म्हणायचं. बायकोनं म्हणायचं. मी म्हणेन की नाही ते मागाहून बघू. पण मी काय म्हणून म्हणू? काल विचारलं तर म्हणालात संघ अडलाय. अजून संघच अडलाय का?"

साग्योनं मागे वळून बघितलं. साठ पक्षी गात होते. हजार माणसं श्वास रोखून उभी होती. पाक विर्यो मान हलवून, डोळ्यांनी, हात जोडून त्याला नको नको म्हणत होते. हाच दोर काल त्यानं स्वतः बांधला होता, हीच शांतता त्यानं स्वतः कबूल केली होती. बावीस वर्षं लोकांना नियम पाळा म्हणण्यात गेली त्याची.

त्यानं छाती भरून श्वास घेतला. गाऊनची एक बाही उसवली.

"संघ गेला खड्ड्यात!" साग्यो ओरडला. "मीच अडलोय! अकरा वर्षं अडलोय! मला गोलकीपर व्हायचं नाही, मार्सियेम, मला तुझा नवरा व्हायचंय!"

साठच्या साठ पक्षी एका झटक्यात गप्प झाले.

पेट्रोल पंपावर गाडीत हवा भरत होते त्याचा आवाज ऐकू येऊ लागला. साग्यो स्वतःच्याच आवाजानं दचकून उभा होता, आणि आता पुढे काय होणार याची त्याला धास्ती भरली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं तिला अगं-तुगं केलं होतं, आणि तेही सगळ्या शहरासमोर.

मार्सियेमनं टोपली खाली ठेवली. ओढणीच्या टोकानं दोन्ही हात सावकाश पुसले, एकेक बोट. मग ती पुढे आली, उसवलेली बाही मुठीत धरली, आणि अकरा वर्षं चौकापर्यंत 'पेचल घ्या पेचल' पोहोचवणारा आवाज तिनं लावला.

"हा गाऊन माझा!"

आणि मग, आणखी मोठ्यानं, "धुऊन इस्त्री करून परत नकोय मला! आतल्या माणसासकट पाहिजे!"

त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन करणं अवघड आहे. हजार माणसांनी पाऊण तास पोटात दाबून ठेवलेलं हसू एकदम बाहेर आलं. माणसं गवतावर कोसळली. आजोबांनी कवळी घालायच्या नादात खिशातली किल्ली तोंडात घातली. जुमादीनं बू एस्तींनाच मिठी मारली आणि बू वार्तीनं त्याला तिथेच त्याबद्दल जाब विचारला. पाक विर्यो पिंजऱ्याखालून, "बाद! सगळे बाद! हा काय बाजार आहे?" असं किंचाळत सुटले, आणि ते इतकं मोठ्यानं झालं की परीक्षकानं खेदानं त्यांच्याकडे बघत वर केलेली झेंडी खाली घेतली. ओरडणाऱ्या मालकाचा पक्षी बाद. नियम त्यांचाच होता. पक्ष्यांनी मात्र या गोंधळाचा काय अर्थ लावला कोण जाणे, साठही एकदम गायला लागले, आणि हालिलिंतार सगळ्यांच्या वर.

साग्यो तिथेच उभा होता. त्याला हसायलाही येत होतं आणि रडायलाही, त्यामुळे तो दोन्ही करत होता.

"जा आता, गोलात उभे राहा," मार्सियेम म्हणाली. तिनं बाही सोडली नव्हती.

"पण मंगळवारी तुम्ही... तू जाणार."

"जाणार. मुलगी बाळंत झालीय, जायला नको?"

"मग मी पण येतो. गवत वाढलं तर वाढू दे. बाटामला काय मैदानं नसतील? तिथे कापतो."

"तुम्ही कशाला येताय? महिन्याभरात येतेय मी परत. तिकीट जायचं-यायचं दोन्ही काढलंय."

साग्योचं रडणं थांबलं. "दोन्ही? कधी काढलंस?"

"जुलैमध्ये. निघायचं ठरलं त्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं?" मार्सियेम म्हणाली. "तीन आठवडे रोज तीन-तीन प्लेट पेचल खाल्लंत. पोट बिघडलं असेल तुमचं. पण एकदा तरी म्हणालात, येम, परत कधी येणार? मी रोज वाट बघत होते. म्हटलं, आज विचारतील. उद्या विचारतील."

मागे लोक साग्योच्या नावानं ओरडत होते. बू एस्ती रुमाल फिरवत होत्या, उत्तर गल्ली दोन गोलांनी मागे पडली होती आणि कुणीतरी चेंडू दोरावरून वडाकडे लाथाडला होता. साग्योनं तो उचलला आणि काखेत धरला.

"येम," तो म्हणाला, "परत कधी येणार?"

तिनं दिवस सांगितला. त्यानं तो तिला आणखी एकदा सांगायला लावला.